लोखंडाचा खंडोबा

२०२३ साल. तुळशीची लग्नं लागून गेली होती आणि पाटणच्या अलीकडच्या गावात बनुबाईंच्या घरी लगीनघाई सुरू झाली होती. नातू वीरधवल फौजेतून सुट्टी काढून आला होता. मुलगी विट्याकडची, शिवांजली नावाची, बोलायला चटपटीत. लग्नाला अठरा दिवस राहिले होते.

त्या घराची रीत अशी, की लग्न धरलं म्हणजे आधी देव उजळून आणायचे. देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे पत्र्यावर ठोकून काढलेल्या कुळाच्या देवांच्या मूर्ती, हळदीकुंकवाने आणि दुधातुपाने काळे पडतात. ते सोनाराकडे न्यायचे, लखलखीत करून आणायचे, आणि मगच मांडवाची मेढ रोवायची. सोनारही ठरलेला. बनुबाईंच्या सासूबाई, बयाबाई, सांगलीकडच्या. त्यांच्या माहेरचा सोनार सांगलीच्या सराफकट्ट्यावर. घरातल्या प्रत्येक लग्नाला देव तिथेच गेले. वाटेत कराड लागतं, तिथे सोनारांची काही कमी नाही. पण बयाबाई म्हणायच्या, "देवाचं आन् बाळंतिणीचं माणूस बदलू न्हाई."

टाक सहा होते. पाच चांदीचे. सहावा खंडोबाचा, तो मात्र लोखंडाचा होता आणि त्याचीच या घरात सगळ्यांत जास्त वट होती.

त्याला कारण होतं. सासरे, सुभेदार ज्ञानू, १९६६ साली गेले. पुढच्याच वर्षी कोयनेचा भूकंप झाला. पहाटे सगळं घर खाली बसलं. माणसं कशीबशी बाहेर पडली, देव्हारा मात्र ढिगाऱ्यात गेला. दिवस उजाडल्यावर बयाबाई हाताने दगड उपसू लागल्या. पाच टाक मिळाले. चांदीचा खंडोबा काही मिळाला नाही. आणि मग जिथे देव्हारा होता तिथेच मातीत एक जाड, गोल, काळी चकती वर आली. तिच्यावर घोडा होता, घोड्यावर दाढीवाला स्वार होता, खाली साप वळवळत होता आणि त्याच्याजवळ एक माणूस पडल्यासारखा होता. बयाबाईंनी ती कपाळाला लावली. "चांदीचा गेला, लोखंडाचा आला," त्या म्हणाल्या. "आता ह्यो भूकंपाला भ्यायाचा न्हाई."

घोडा दिसला, पायाखाली दैत्य दिसला. साताऱ्याकडच्या बाईला दुसरं काय आठवणार?

लोखंडाला पाणी चालत नाही. म्हणून बयाबाईंनी या देवाला आंघोळ कधी घातली नाही. दर अमावास्येला शेंगदाण्याचं तेल चोळलं आणि वरून भंडारा दाबला. चकतीच्या मधोमध एक चिंचोळं भोक होतं, तेही हळदीने भरून टाकलं. त्यांच्यामागे बनुबाईंनी तेच केलं. एकाहत्तरच्या लढाईत मालक पूर्वेकडे होते, दीड महिना पत्र नव्हतं. तेव्हा बनुबाईंनी याच खंडोबापुढे नवस बोलला होता, की माणूस धड आला तर पालीच्या देवळापर्यंत उघड्या पायाने चालत जाईन. माणूस धड आला. त्या चालत गेल्या. पुढे घरातला जो कोणी फौजेत गेला तो या देवाचा भंडारा कपाळाला लावूनच गेला.

तर असे सहा देव तांबड्या फडक्यात बांधून बनुबाई, त्यांचा मुलगा नानासो आणि वीरधवल सांगलीला आले. सोनाराने पाच टाक पटापट बाजूला काढले. सहावा हातात घेऊन त्याने वजन घेतलं, नखाने हळद खरवडली, डोळ्याला भिंग लावलं आणि चकती दिव्याखाली उलटसुलट करून पाहिली.

"काय झालं?" नानासोंनी विचारलं.

"माझ्या बापाने हा कधी पॉलिशच्या मशीनवर धरला होता का?"

"न्हाई. त्यो नुसता तेल लावून परत द्यायचा," बनुबाई म्हणाल्या.

"शहाणा होता. मी आत्ता धरणार होतो." त्याने चकती फडक्यावर ठेवली. "आजी, राग मानू नका. ह्या घोड्याच्या लगामाला सोन्याची तार बसवली आहे, ती केसाएवढी. असलं काम आपल्याकडे मी पाहिलेलं नाही. हा खंडोबा नसावा."

"मंग कोन हाय?"

"ते मला कळलं असतं तर मी दुकान कशाला चालवलं असतं?" असं म्हणून त्याने फोन लावला.

सोनिया दहा मिनिटांत स्कूटरवरून आली. तिशीची, सडपातळ, केस घट्ट बांधलेले. सांगलीतल्याच एका छोट्या खाजगी संग्रहालयात ती जुन्या हत्यारांची नोंद ठेवायची. मूळची कवठे महांकाळकडची, मेंढपाळाघरची. घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. तिने चकती बघितली आणि खुर्चीत बसली.

"आजी, ही जपानी तलवारीची चकती आहे. मूठ आणि पातं यांच्या मधे बसते, हात पुढे सरकू नये म्हणून. ते लोक हिला त्सुबा म्हणतात. हे मधलं भोक पात्याचं."

"जपानी? आमच्या देव्हाऱ्यात?" नानासो म्हणाले.

"घरात कोणी ब्रह्मदेशाच्या लढाईला होतं का?"

सुभेदार ज्ञानू ब्रह्मदेशाला होते, हे घरातल्या लहान पोरालाही माहीत होतं. त्यांची लोखंडी ट्रंक देव्हाऱ्याच्या भिंतीलाच असायची. भूकंपात ती फुटली होती. बनुबाईंच्या डोळ्यांसमोर तो ढिगारा उभा राहिला, आणि पन्नासहून जास्त वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं, की देव जमिनीतून वर आला नव्हता, ट्रंकेतून खाली पडला होता.

"अशा वस्तू त्यांच्या हाती कशा लागायच्या?" वीरधवलने विचारलं.

सोनियाने खरं ते सांगितलं. "शरण येताना जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी खाली ठेवल्या, काही त्यातल्या असतात. काही लढाईत मेलेल्यांच्या कमरेच्या."

नानासो ताडकन उठले. "झालं. म्हंजी कुणाच्या तरी मढ्यावरनं काढल्यालं लोखंड आमी पुजलं. आये, घाट हितनं जवळ हाय. कृष्णेत सोडूया आन् मोकळं हूया. लगीन तोंडावर आलंय."

बनुबाई बसूनच राहिल्या. "सोड की. पर मी नवस कुणाला बोलले त्ये मला सांग."

"आता त्ये कशाला काढतीस?"

"तुझा बाप ज्याच्यावर परत आला त्ये काढायचं न्हाई तर काय काढायचं? मेलेल्या मानसाचं हिसकून आणल्यालं आसंल, तर त्याचा तळतळाट ह्या घरावर हाय, आन् मी माझ्या हातानं सोडीन. पर आधी मला कळू दे. मामंजी तसं करणारं मानूस न्हवतं."

"आये, लढाईत समदीच करत्यात."

सासऱ्यांच्या हाताखाली त्या जेमतेम दोन वर्षं नांदल्या होत्या. कमी बोलणारा, चहाबाज माणूस. एकच गोष्ट त्यांना लागायची. शेजारच्या गावातले पलटणीतले जुने सोबती त्यांना मागून 'बूटसुभेदार' म्हणायचे, आणि ते कानावर पडलं की सुभेदार दोन दोन दिवस जेवत नसत.

त्या सोनियाकडे वळल्या. "पोरी, ह्याच्यावर कोन हाय त्ये कळंल का?"

"शोधावं लागेल. ह्या लोकांच्या चकत्यांवर पुराणातले, गोष्टींतले प्रसंग असतात. प्रसंग कळला म्हणजे मालक कळेलच असं नाही. पण माणूस आपल्या तलवारीवर काही उगाच कोरून घेत नाही. आठ दिवस द्या."

"आठ दिलं," बनुबाई म्हणाल्या. नानासोंनी कपाळाला हात लावला.

चकती साफ करणं हेच पहिलं काम होतं. सोनियाने मऊ फडकं आणि बांबूची टोकदार काडी घेतली आणि वर्षानुवर्षांची हळद थराथराने सोडवली. बनुबाईंनी बजावलं होतं, की भंडारा केरात जाता कामा नये. म्हणून तिने तो कागदाच्या पुडीत जमा केला. हळदीखालून आधी नदीच्या लाटा निघाल्या, मग एका पुलाचा कठडा. घोडा पुलावर उभा होता.

असे प्रसंग ओळखायची एक पद्धत असते. चेहऱ्यावरून काही कळत नाही, सगळे म्हातारे सारखेच दाढीवाले असतात. बघायचं ते जवळच्या वस्तूकडे. भोपळ्यातून घोडा निघताना दिसला, की घोडा भोपळ्यात ठेवणारा सिद्धपुरुष. रागीट दाढीवाला आणि बुटका राक्षस दिसला, की राक्षस पळवणारा. साप दिसला तेव्हा सोनियाला वाटलं, की आठ डोक्यांचा नाग मारणारा त्यांचा देव सापडला. तिने डोकी मोजली. एकच भरलं. शिवाय सापाला पाय होते. आणि खालचा माणूस पडलेला नव्हता, तो त्या सापावर पाय रोवून उभा होता आणि वर, घोडेस्वाराकडे काहीतरी धरत होता. ती वस्तू काय, तेच कळेना. वाटी? पुस्तक? मुंडकं? चार दिवस तिने संगणकावर शेकडो चकत्यांची चित्रं बघितली.

त्याच आठवड्यात तिचे वडील बिराप्पा डोळ्याच्या ऑपरेशनला सांगलीला आले होते. चाळीस वर्षं मेंढरांमागे कोकणापर्यंत हिंडलेला माणूस. उजव्या डोळ्याची पट्टी आदल्या दिवशीच निघाली होती आणि आता ते घरभर फिरून सगळ्या वस्तूंना नावं ठेवत होते.

"तुजं घर एवढं कळकट हाय व्हय गं? मला आपलं बरं दिसत हुतं."

"आप्पा, डोळ्याला ताण देऊ नका. बसा."

ते तिच्या मागे येऊन बसले. पडद्यावर चकती ताटाएवढी मोठी करून ठेवली होती. बिराप्पांनी एक डोळा मिटला, नव्या डोळ्याने पाहिलं.

"ह्यो म्हातारा एका पायानं आनवानी का?"

"कोण?"

"घोड्यावरला. ह्या पायात व्हान हाय, ह्या पायात न्हाई. बोटं दिसत्यात की. ती दुसरी खालच्या गड्याच्या हातात हाय. देतोय त्येला."

सोनिया बघतच राहिली. "आप्पा, चार दिवस मी त्या हाताकडेच बघतेय."

"हाताकडं कशापायी बघायचं? आमी मेंढराचं त्वांड बघत न्हाई, पाय बघतो. लंगडं कोन त्ये आधी कळाया पायजे, न्हाईतर कळप मागं ऱ्हातो."

जोडा कळला आणि गोष्ट तासाभरात सापडली.

आठव्या दिवशी सकाळी मंडळी पुन्हा सराफकट्ट्यावर जमली. उजळलेले पाच टाक ताटात झगमगत होते. नानासोंनी घरून येतानाच नारळ आणला होता. काही झालं तरी परत जाताना घाटावर थांबायचं, हे त्यांचं ठरलेलं होतं. सोनियाबरोबर बिराप्पाही आले होते, खांद्यावर घोंगडी, डोळ्यांवर दवाखान्याचा काळा चष्मा.

"ही गोष्ट मूळ चीनमधली," सोनिया सांगू लागली. "जपानी लोकांनी ती आपलीशी केली. नावं अवघड आहेत, ती राहू द्या. एक तरुण होता, राज्य बुडालेला, रागाने पेटलेला. एकदा तो पुलावरून चालला होता. समोरून एक म्हातारा आला आणि त्याने मुद्दाम आपला जोडा खाली नदीत पाडला. वर म्हणाला, 'पोरा, आणून दे.' तरुणाचा हात उठणार होता. पण म्हातारं माणूस बघून त्याने राग गिळला, खाली उतरला, जोडा आणला. म्हातारा म्हणाला, 'आता पायात घाल.' त्याने गुडघा टेकून घातला. त्या म्हाताऱ्याने मग त्याची आणखी परीक्षा घेतली, आणि शेवटी त्याला युद्धविद्येचा ग्रंथ दिला. पुढे तो तरुण राजाचा मोठा सल्लागार झाला. घोडा आणि नदीतला नाग हे मागाहून कलावंतांनी घातलेलं. हा बघा जोडा."

तिने भिंग पुढे केलं. वीरधवलने पाहिलं. नानासोंनी पाहिलं.

"म्हंजी आमी जोडा पुजला," नानासो म्हणाले. "ह्याच्यापरीस मढं बरं हुतं."

बनुबाईंनी भिंग घेतलंच नाही. त्या चकतीवरच्या जोड्यावर बोट टेकवून बसल्या. वीरधवल खाली वाकला. "आज्जे, काय हुतंय?"

"बूटसुभेदार," बनुबाई म्हणाल्या.

वीरधवल तिथेच खाली बसला.

"मामंजीस्नी समदी चिडवायची त्ये का, तुमास्नी ठावं न्हाई. मला ठावं हाय. मी नवी नवरी, मला कुठलं भ्या. मी इच्यारलं, आन् त्यांनी सांगितलं. ब्रह्मदेशात लढाई सपली हुती. जपानी शरण आलं. पाऊस हुता, गुडघाभर चिखल. त्यांची रांग चालली हुती आन् आपली मानसं दोन्ही बाजूला हुबी. त्यात एक म्हातारा सायेब. त्याचा लांब बूट चिखलात रुतला आन् पाय सुटून वर आला. त्यो तसाच एका पायावर हुबा. आपली समदी हसाया लागली. मामंजी म्हणले, 'मला माझा बाप दिसला, बनू.' त्यांनी बंदूक खांद्याला अडकवली, वाकून बूट उपसला, बाहीनं पुसला आन् त्येच्या पायात घातला. तवापास्नं बूटसुभेदार. घरात सासूबाईसुदीक टोचून बोलायच्या, दुस्मानाच्या पायाशी वाकला म्हणून."

"मग?" सोनियाने हळूच विचारलं.

"त्या म्हाताऱ्यानं नाव इच्यारलं. ह्यांनी सांगितलं. त्येला त्ये म्हणता यीना, चार बारी म्हणून बघितलं. दुसऱ्या दिशी त्यांच्या तलवारी घ्यायच्या हुत्या. आदल्या सांजंला त्यानं मामंजीस्नी बोलावनं धाडलं." बनुबाईंनी श्वास घेतला. "हितवर सांगायचं. मी म्हणायची, 'मंग पुढं काय झालं?' तर म्हणायचं, 'पुढं काय न्हाई. च्या टाक.'"

दुकानाबाहेर रिक्षा वाजत होत्या. सोनाराने हातातला चिमटा खाली ठेवला.

नानासो खाकरले. पण ते सहजासहजी मानणारे नव्हते. "कशावरनं पर? गोष्ट जुळली म्हणून काय झालं? उचलल्यालीबी आसंल."

"कागद नाही," सोनिया म्हणाली. "मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण हे बघा. ही चकती तलवारीत घट्ट बसलेली असते. मुठीत बांबूची एक बारीक खुंटी असते. ती हळूच ठोकून काढली की मूठ सुटते, मग चकती निघते. ज्याला हे माहीत नाही तो मूठ फोडतो, नाहीतर चकतीखाली काहीतरी घालून उचकटतो. मग भोकाच्या कडेला ओरखडे राहतात. इथे एकही ओरखडा नाही. ही ज्याने काढली त्याला तलवार माहीत होती. माझ्या मते तलवारीच्या मालकानेच काढली."

नानासोंनी तेव्हा मात्र भिंग मागून घेतलं आणि भोकाची कड बोटाने फिरवून फिरवून पाहिली. उसाच्या कांडीवर कीड बघावी तसे ते पाहत होते. मग त्यांनी नारळ पिशवीत परत ठेवला.

"तरी पण आये," ते म्हणाले, "जोडा देव्हाऱ्यात?"

"पादुका म्हंजी काय असत्यात रं?" बनुबाई म्हणाल्या. बिराप्पा मोठ्याने हसले आणि त्यांचा काळा चष्मा खाली पडला.

तरी बनुबाईंनी तो देव्हाऱ्यात ठेवला नाही. खंडोबाची जागा खंडोबाची. त्यांनी तिथल्या तिथे सोनाराला चांदीचा नवा टाक सांगितला. भूकंपात हरवलेला पुन्हा घडवायला इतकी वर्षं लागली. नवसाचं काय, असं वीरधवलने वाटेत विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हाक मारली ती त्येलाच. कुठल्या दारातनं मारली त्ये त्यो बघत बसत न्हाई." हळदीची पुडी त्यांनी नव्या टाकावर उधळली. लोखंडाची चकती सुभेदारांच्या फोटोखाली, त्यांच्या पदकांशेजारी ठेवली.

लग्न ठरल्या दिवशी लागलं. सोनिया आणि बिराप्पा आले होते. दुपारच्या पंगती उठताना मांडवाबाहेर चपलांचा ढीग झाला होता, आणि कोणीतरी पाण्याचा टँकर सोडल्यामुळे तिथे चिखल झाला होता. बिराप्पा कडेला उभे राहून आपल्या जाड चामड्याच्या व्हाणा शोधत होते. एक सापडली होती, दुसरी दिसत नव्हती. एक डोळा नवा असला तरी दुसरा अजून जुनाच होता. नानासो पाहुण्यांना निरोप देत होते. कोशाचा फेटा, कपाळाला गंध. त्यांनी ते पाहिलं, बोलणं अर्धं सोडलं, धोतर आवरलं आणि वाकून चिखलातून व्हाण काढली. उपरण्याने पुसली. बिराप्पांच्या पायाशी ठेवली.

"आवं, तुमी कशापायी?" बिराप्पा म्हणाले.

"घाला गपगुमान," नानासो म्हणाले. "न्हाईतर आमच्या आज्याचं नाव माझ्यावर पडंल."

बनुबाईंनी हे ओटीवरून पाहिलं.

त्या लग्नाला आता दोन वर्षं होत आली. सोनाराचं दुकान चाललं आहे. लोखंडाचं काही आलं की तो आता आधी भिंग लावतो आणि मग मशीन. सोनियाने त्या चकतीची नोंद लिहून पुण्याला एका परिषदेत वाचली, तिला तिथून पुढच्या अभ्यासाला बोलावणं आलं. नोंदीत 'प्रसंग प्रथम ओळखणारे' म्हणून तिने वडिलांचं नाव घातलं आहे. बिराप्पांचा दुसरा डोळाही झाला. त्यांनी वीस मेंढरं पुन्हा घेतली, आणि परिषदेचा छापील कागद ते घोंगडीत बाळगतात. वीरधवल सीमेवर आहे, शिवांजलीला मुलगी झाली. नानासो ती गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात आणि त्यांच्या सांगण्यात चिखल दरवेळी थोडा वाढतो. हल्ली कमरेपर्यंत आला आहे. गावात सुभेदारांना आता उघडपणे बूटसुभेदार म्हणतात.

बनुबाई एकोणऐंशीच्या आहेत. दर अमावास्येला त्या फोटोखालची चकती उतरवतात आणि शेंगदाण्याचं तेल चोळतात. जोड्यावर बोट जरा जास्त वेळ फिरतं. मग सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगतात, आणि पहिला कप फोटोपुढे ठेवतात.